परभणीत ऊन कमी पडतं?

प्रश्न : डॉक्टरसाहेब, पोरानं बिअर्डेड ड्रॅगन (दाढीवाला सरडा) पाळलाय. काचेच्या पेटीत ६० वॉटचा पिवळा बल्ब आहे, पेटी खिडकीच्या बंद काचेमागं. तरी खात नाही, पाय थरथरतात. ऊन कमी पडतं का?
– एक वाचक, परभणी

उत्तर : परभणीत ऊन कमी पडल्याची तक्रार पहिल्यांदाच आली! पण शंका बरोबर आहे. खिडकीची काच उजेड आत सोडते, पण उन्हातले यूव्हीबी (अतिनील) किरण अडवते. पिवळा बल्ब नुसती ऊब देतो. यूव्हीबीशिवाय कातडीत ड-३ जीवनसत्त्व तयार होत नाही, मग खाल्लेलं कॅल्शियम अंगी लागत नाही आणि हाडं मऊ पडतात. थरथर त्याचीच असू शकते. आधी सरपटणारे प्राणी बघणाऱ्या पशुवैद्याला दाखवा, दिव्यांचं नंतर.

टी-५ (बारीक नळीची) यूव्हीबी ट्यूब घ्या, पेटीच्या निम्म्याहून लांब. मध्ये काच नको. रोज बारा तास. वर्षानं बदला, उजेड दिसतो, पण किरण घटलेले असतात. बल्ब ट्यूबच्याच बाजूला, खाली शहाबादीचा तुकडा. तिथं ४० अंशांच्या आसपास, दुसऱ्या टोकाला २५ ते २९. थर्मामीटरनं मोजा, हात लावून नको. विजेवर तापणारे दगड विकायला येतात, ते घेऊच नका, पोट भाजतं.

मे महिन्यात खोलीच चाळिशी गाठते, तेव्हा बल्ब बंद, ट्यूब चालू. थंडीत रात्री उजेड नको. पारा फार उतरला तर थर्मोस्टॅट (तापमान बघून आपोआप चालू-बंद करणारं बटण) लावलेला, उजेड न देणारा सिरॅमिक हीटर. लाइट गेली तर आधी बटणं बंद करा, मगच पेटीवर गोधडी टाका. लाइट अचानक आली की बल्बवरचं कापड पेटतं.