तळीला पाच पुरुष आणायचे कुठून?

प्रश्न : काका नमस्कार, मागच्या वर्षी सासूबाई गेल्या आणि आता देव्हारा माझ्याकडे आलाय, त्यात खंडोबाचा टाक (देवाची मूर्ती उठवलेला छोटा पत्रा) आहे. चंपाषष्ठीला त्या तळी भरायच्या, पण तेव्हा मी किचनमध्ये असायचे त्यामुळे नीट बघितलंच नाही कधी. नणंद म्हणते तळी उचलायला पाच पुरुष पाहिजेत, आमच्या फ्लॅटमध्ये एक नवरा आणि एक सातवीतला मुलगा! वर मुलगा विचारतो की देवाला दोन बायका कशा, आणि जेजुरी तिकडे पुण्याजवळ, मग आपण इंदूरवाले ते का करतो. काय सांगू? – एक वाचक, सुदामा नगर, इंदूर

उत्तर : ताई, पोराचा शेवटचा प्रश्न आधी घेतो, कारण त्याचं उत्तर आपल्या राजवाड्यातच आहे. पुढच्या वेळी सराफ्यात खायला जाल तेव्हा त्याला जरा लवकर घेऊन निघा आणि राजवाड्यातलं मल्हारी मार्तंडाचं, म्हणजे आपल्या खंडोबाचंच, देऊळ दाखवा. होळकरांचं कुलदैवत ते. सुभेदार मल्हारराव होळ गावचे, त्यांचं नावच देवाचं. इंदूरच्या टांकसाळीचं नाव मल्हारनगर आणि तिथल्या जुन्या रुपयावर सूर्याचं तोंड असायचं, मार्तंड म्हणजे सूर्यच ना. म्हणजे इथला माणूस भाजी घ्यायला गेला तरी खिशात खंडोबा घेऊन जात होता!

आणि जेजुरी आज जशी दिसते त्यात माळव्याचा हात मोठा आहे. देऊळ होळकरांच्या आधीचं, पण दगडी कामात त्यांनी खूप भर घातली, 1742 च्या सुमारास मल्हाररावांनी खांब उभे केले आणि तटबंदी नि तलाव पुरा व्हायला तुकोजीरावांचा काळ उजाडला, 1770. तिथे मल्हारगौतमेश्वराचं देऊळही आहे, मल्हारराव आणि गौतमाबाई, नवराबायकोचं नाव एकत्र. त्यामुळे "आपला काय संबंध" असं कोणी म्हटलं की मला जरा रागच येतो.

आता गोष्ट. मणी आणि मल्ल हे दोघे भाऊ, ब्रह्मदेवाचा वर मिळालेले दैत्य, त्यांनी ऋषींचे आश्रम मोडले, ऋषी इंद्राकडे गेले मग विष्णूकडे गेले, दोघांनी हात वर केले, शेवटी शंकर मार्तंड भैरवाचं रूप घेऊन सात कोटी सैन्य घेऊन उतरले. "येळकोट" त्यातूनच आला म्हणतात, कानडीत येळु म्हणजे सात, कोटी म्हणजे कोटी. देव कर्नाटकातही तितकाच आहे, तिकडे त्याला मैलार म्हणतात. मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदेपासून सहा दिवस लढाई चालली म्हणून सहा दिवस घट आणि नंदादीप. मला यातला शेवट फार आवडतो. मणी मरताना शरण आला, आपला पांढरा घोडा देवाला दिला आणि मला तुझ्याजवळ जागा दे म्हणाला, देवाने दिली. मल्लाने मागितलं की तुझ्या नावाआधी माझं नाव लागू दे. म्हणून मल्ल-अरी, मल्लाचा शत्रू, मल्हारी. शत्रूचं नाव स्वतःच्या नावात घेऊन फिरणारा देव आहे हा.

दोन बायकांचं मुलाला सरळ सांगा, लपवायचं काही नाही. म्हाळसा नेवाश्याची, लिंगायत वाण्याची मुलगी, पालीला पौष पौर्णिमेला लग्न लागलं, अजून तिथे दरवर्षी लागतं. बाणाई धनगराची. सोंगट्यांच्या डावात देव म्हाळसेकडून हरला आणि बारा वर्षं घराबाहेर गेला, तिकडे बाणाईसाठी धनगराच्या घरी चाकर राहिला, मेंढ्या राखल्या. मग तिला घेऊन आला आणि घरात भांडण सुरू! वाघ्या-मुरळी म्हणजे खंडोबाला वाहिलेले गाणारे-नाचणारे भक्त, त्यांच्या जागरणात या सवतींची तोंडं अशी सुटतात की हसून पोट दुखतं, एक म्हणते मेंढरांचा वास घरात आणलास, दुसरी म्हणते तुझं वाण्याचं सपक जेवण तूच खा. जेजुरीला म्हाळसा देवासोबत गाभाऱ्यात, बाणाईचं देऊळ पायऱ्या चढताना निम्म्या वाटेवर. यांच्याशिवाय शिंपीण, माळीण, तेलीणही देवाच्या बायका सांगतात. म्हणजे वाण्याला वाटतं देव आपला जावई, धनगरालाही तेच वाटतं. मुरळीबद्दल एकच, लहान मुली देवाला सोडायची चाल वाईट होती, मुंबई इलाख्यात 1934 मध्ये त्याविरुद्ध कायदा झाला, आणि ते बंदच व्हायला हवं होतं.

आता तळी. तांब्याचं किंवा पितळेचं ताम्हन घ्या, त्यात विड्याची पानं, सुपारी, सुक्या खोबऱ्याचे तुकडे, एक नाणं, भंडार म्हणजे हळद आणि मधे टाक. सगळ्यांनी ताम्हनाच्या कडेला हात लावायचा, "येळकोट येळकोट जय मल्हार" म्हणत तीनदा वर उचलायचं, मग टेकवून भंडार उधळायचा, एकमेकांच्या कपाळाला लावायचा, खोबरं वाटायचं. दिवटी म्हणजे देवाची छोटी मशाल असेल तर पेटवायची आणि शेवटी फुंकर न मारता दुधाने शांत करायची. बाकी बारीकसारीक घरोघरी वेगळं असतं, नणंदेला फोन करून विचारा, ती खूश होईल.

पाच पुरुषांचं म्हणाल तर आकडा विषम असावा एवढं बघतात, तीन, पाच, सात. आमच्याकडे वडील होते तेव्हाही पाच कधी जमले नाहीत, मग समोरच्या शर्माजींना हाक जायची, ते "ये पीला पीला क्या है भिया" विचारत यायचे आणि घरात सगळ्यात मोठ्याने "येलकोट" तेच ओरडायचे, ळ काही शेवटपर्यंत जमला नाही. वडील गेल्यावर आई ताम्हनाला हात लावायला लागली, कोणाची परवानगी घेतली नाही. तुम्ही तिघं आहातच, तुम्ही, नवरा, मुलगा. माझ्या मते झालं काम. नणंद इंदुरातच असेल तर जोडीने बोलवा, पाच होतील आणि तिचंही मन राहील.

तिथीचा घोटाळा करू नका. इकडच्या हिंदी पंचांगात महिना पौर्णिमेनंतर सुरू होतो, त्यामुळे वद्य पक्षात नावं बदलतात, पण शुद्ध पक्षाला दोन्हीकडे एकच महिना असतो. अगहन सुदी छठ म्हणजेच आपली चंपाषष्ठी.

नैवेद्याला बाजरीचा रोडगा, वांग्याचं भरीत, पातीचा कांदा. चातुर्मासात वांगं-कांदा बंद ठेवणाऱ्या घरात तो नेम त्याच दिवशी सुटतो, म्हणून त्या भरताची चव काही औरच. थोडं कुत्र्यालाही घाला, खंडोबाचा सोबती तो. आणि भंडार उधळायच्या आधी सोफ्यावर जुनी चादर टाका, आमच्या गादीवर दोन वर्षांपूर्वीचा डाग अजून आहे.