वाचकांचे प्रश्न : डेव्हिड लीन कसा पाहावा?

ब्रिटिश दिग्दर्शक डेव्हिड लीन (१९०८–१९९१) याच्या चित्रपटांबद्दल आलेल्या पत्रांतले काही निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरं.

प्रश्न : लीनचे चित्रपट भव्य असतात एवढंच ऐकून आहे. सुरुवात ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’नेच करावी का? (एक वाचक, डोंबिवली)

नको. ‘लॉरेन्स’ पावणेचार तासांचा आहे आणि पहिल्यांदा पाहताना वाळवंटच इतकं डोळ्यांत भरतं की लीनची कारागिरी नजरेतून सुटते. हा माणूस मुळात संकलक. गोमाँ स्टुडिओत चहा देण्यापासून सुरुवात, मग वार्तापटांची कापाकापी, मग ‘पिग्मेलियन’सारख्या (१९३८) चित्रपटांचं संकलन. १९४२ साली नाटककार नोएल कॉवर्डच्या जोडीने तो दिग्दर्शनात आला तेव्हा एखादा शॉट नेमका कुठे थांबवायचा हे त्याच्या हातात पक्कं बसलेलं होतं. त्याच्याकडे पाहायची गोष्ट तीच.

म्हणून आधी ‘ब्रीफ एन्काउंटर’ (१९४५) लावा. लांबी ८६ मिनिटं. सुरुवातीला स्टेशनच्या उपाहारगृहात काउंटरवरच्या बाईचं आणि रेल्वेच्या माणसाचं बोलणं चालू असतं. मागे एका टेबलावर एक बाई आणि एक पुरुष बसलेले असतात. बाईच्या ओळखीची एक बडबडी मैत्रीण येऊन टपकते. पुरुषाची गाडी येते, तो उठतो, बाईच्या खांद्यावर क्षणभर हात ठेवतो आणि निघून जातो. आपल्याला त्याचं काहीच वाटत नाही. शेवटाकडे हाच प्रसंग पुन्हा येतो, पण आता कॅमेरा त्या बाईजवळ असतो. सगळी कथा कळल्यावर तोच हात पाहवत नाही. चित्रपट संपला की लगेच पहिली दहा मिनिटं परत लावा. कॅमेरा किती लांब आहे आणि आपल्याला कोणाचं बोलणं ऐकवलं जातंय, या दोनच गोष्टींकडे लक्ष द्या.

स्टेशनचं बरंचसं चित्रीकरण इंग्लंडच्या वायव्येला, कार्नफर्थला झालं. महायुद्ध चालूच होतं. हे ठिकाण इतकं लांब होतं की विमानहल्ल्याचा इशारा आलाच तर दिवे विझवायला वेळ मिळाला असता.

त्यानंतर ‘ग्रेट एक्स्पेक्टेशन्स’ (१९४६), मग ‘द ब्रिज ऑन द रिव्हर क्वाय’ (१९५७), मग ‘लॉरेन्स’ (१९६२). ‘डॉक्टर झिवागो’ मागाहून पाहिला तरी चालेल. ‘रायन्स डॉटर’ अगदी शेवटी.

प्रश्न : घरी ४३ इंची टीव्ही आहे. चित्राच्या वर-खाली काळ्या पट्ट्या येतात, म्हणून मुलगा ‘झूम’ करून देतो. त्याने काही बिघडतं का? शिवाय ‘लॉरेन्स’ची डिस्क लावली की पहिली चार मिनिटं पडदा काळाच राहतो. डिस्क खराब आहे का? (एक वाचक, परळ)

डिस्क चांगली आहे. ती चार मिनिटं मॉरिस जारच्या संगीताची. थिएटरात तेव्हा पडदा बंद असे आणि लोक जागेवर येऊन बसत. पुढे ढकलू नका, दिवे मालवून ऐका. मध्यंतरातही असंच संगीत आहे.

झूमने मात्र बरंच बिघडतं. ‘लॉरेन्स’चं चित्र २.२० : १ या प्रमाणात आहे, म्हणजे उंची एक तर रुंदी दोन पूर्णांक वीस. तुमचा टीव्ही १.७८ : १. पडदा भरून टाकायला झूम केलं की डावी-उजवीकडचं मिळून जवळपास १९ टक्के चित्र कापलं जातं. लीन माणसांना मुद्दाम कडेला उभं करतो. ती माणसंच गायब होतात. ‘ब्रीफ एन्काउंटर’चं उलट आहे. ते चौकोनी चित्र, १.३७ : १. ताणून पडदाभर केलं तर चेहरे सुमारे ३० टक्क्यांनी रुंद होतात आणि नायिका सीलिया जॉन्सन ओळखू येत नाही. त्यामुळे ‘पिक्चर साइज’मध्ये ‘ओरिजिनल’ किंवा ‘फिट’ ठेवा. पट्ट्या राहू द्या.

दुसरं, टीव्हीतलं ‘मोशन’ नावाचं जे काही असेल (ऑटो मोशन प्लस, ट्रूमोशन, मोशनफ्लो) ते बंद करा. चित्रपट सेकंदाला २४ चौकटींचा असतो. टीव्ही मधल्या चौकटी स्वतः तयार करून घालतो आणि ‘लॉरेन्स’ दुपारच्या मालिकेसारखा दिसू लागतो. ‘नॉइज रिडक्शन’ही बंद, कारण पुढच्या उत्तरात आहे. आणि टीव्हीपासून साडेचार ते सहा फुटांवर बसा. चाळीतल्या खोलीत हे आपोआपच जमतं.

जाता जाता प्रतीची लांबी पाहून घ्या. १९८९ साली पुन्हा जोडून पूर्ण केलेली आवृत्ती संगीतासकट सुमारे २२७ मिनिटांची आहे. १८७ मिनिटांची प्रत मिळाली तर ती जुनी, कापलेली; बाजूला ठेवा. जुन्या ‘पाल’ या टीव्ही-पद्धतीच्या डीव्हीडीवर २१८ मिनिटं दिसली तर घाबरू नका. त्या पद्धतीत २४ ऐवजी २५ चौकटी पळतात, म्हणून वेळ चार टक्क्यांनी घटतो. कापलेलं काही नसतं, संगीताची पट्टी तेवढी थोडी चढते.

प्रश्न : ‘लॉरेन्स’मधल्या ओमर शरीफच्या प्रवेशाचं सगळे कौतुक करतात. मी लोकलमध्ये मोबाइलवर पाहिला, मला तर काहीच दिसलं नाही. (एक वाचक, मुलुंड)

दिसणार कसं? त्या प्रवेशाची सगळी मदार एका ठिपक्यावर आहे. विहिरीपाशी लॉरेन्स आणि त्याचा वाटाड्या तफस. क्षितिजावर काहीतरी थरथरतं. ते उंट आहे, माणूस आहे की नुसता उकाडा, हे बराच वेळ ठरत नाही. छायालेखक फ्रेडी यंगने यासाठी ४८२ मिलीमीटरची लांब पल्ल्याची भिंग वापरली. अशी भिंग लांबचं जवळ आणते, पण मधलं अंतर दाबून टाकते. त्यामुळे स्वार पुढे येतोय असं वाटतं आणि पोचत मात्र नाही. तापलेल्या हवेचे थरही एकावर एक दाबले जातात, म्हणून तो पाण्यातून आल्यासारखा दिसतो. संगीत नाही. मग गोळी सुटते आणि तफस पडतो.

हा ठिपका ६५ मिलीमीटरच्या निगेटिव्हवर टिपलेला आहे. तिची चौकट नेहमीच्या ३५ मिलीमीटरच्या साधारण साडेतीनपट. आपला ‘शोले’ ७० मिलीमीटरमध्ये लागला तो ३५वरून मोठा करून. इथे मूळ चित्रीकरणच मोठ्या फिल्मवर आहे, म्हणून इतका बारीक तपशील टिकतो. मोबाइलवर ‘डेटा सेव्हर’ चालू असला की फिकट, सतत हलणारी अशी गोष्ट आधी पुसली जाते, कारण कमी डेटात पाठवताना तीच सोडून द्यायला सोपी. टीव्हीचं नॉइज रिडक्शनही तिला खरखर समजून साफ करतं. हा प्रसंग ब्ल्यू-रे किंवा ४के प्रतीवर, अंधाऱ्या खोलीत पाहा.

लोकलमध्ये पाहायचंच असेल तर काडी विझते तो कट पाहा. लॉरेन्स फुंकर मारतो आणि त्याच क्षणी सूर्योदयाआधीचं वाळवंट. पटकथेत इथे एक चित्र दुसऱ्यात विरघळणार होतं. संकलनाच्या टेबलावर दोन्ही तुकडे नुसते जोडलेले पाहून लीन आणि संकलक अ‍ॅन कोट्स यांना ते तसंच आवडलं. हेडफोन मात्र लावा, अर्धा कट त्या फुंकरेत आहे.

प्रश्न : ‘लॉरेन्स’मध्ये आपला आय. एस. जोहर आहे म्हणतात. खरं का? (एक ज्येष्ठ वाचक, गिरगाव)

खरं. वाळवंटात मागे राहिलेला आणि लॉरेन्स जीव धोक्यात घालून ज्याला परत आणतो तो गासिम म्हणजे जोहर. पुढे त्याच गासिमला लॉरेन्सलाच गोळी घालावी लागते. हिंदीत विनोदी भूमिकांत पाहिलेला जोहर इथे ओळखूच येत नाही.

प्रश्न : ‘अ पॅसेज टू इंडिया’तल्या गुहा बिहारमधल्या का? (एक वाचक, विलेपार्ले)

कादंबरीकार फॉर्स्टरच्या डोळ्यांपुढे बिहारच्या बराबर गुहा होत्या. लीनने १९८४च्या चित्रपटासाठी बंगळुरूजवळचे सावनदुर्ग आणि रामनगरचे डोंगर घेतले. रामनगर म्हणजे ‘शोले’चं रामगढ, तेव्हा ते खडक ओळखीचे वाटले तर नवल नाही. संकलन लीनने स्वतः केलंय आणि व्हिक्टर बॅनर्जीचा अझीज उत्तम आहे. ब्रिटिश नट अ‍ॅलेक गिनेसला रंग फासून प्रोफेसर गोडबोले केलंय, ते मात्र अजिबात पटत नाही. आपल्याकडे रोशन सेठ, सईद जाफ्री असे नट त्याच चित्रपटात हजर असताना तर नाहीच.

प्रश्न : सोसायटीच्या गच्चीवर लीनचा एक चित्रपट दाखवायचा आहे. कोणता? (एक वाचक, बोरिवली)

‘लॉरेन्स’ नको. संध्याकाळी साडेसातला लावला तर मध्यंतर धरून साडेअकरा वाजतील आणि उघड्यावर दहानंतर लाउडस्पीकर चालत नाही. शिवाय आठ फूट रुंद पडद्यावर त्याची उंची जेमतेम तीन फूट आठ इंच भरते, मागच्या रांगेला काय दिसणार? ‘हॉब्सन्स चॉइस’ (१९५४) घ्या. १०७ मिनिटांचा, हसवणारा. बुटांच्या दुकानाचा पिणारा मालक आणि त्याला पुरून उरणारी थोरली मुलगी. सव्वानऊला सगळे मोकळे. चित्र जवळजवळ चौकोनी आहे, म्हणून पडदा नुसता रुंद नको, उंचीलाही भरपूर असावा. वारा असतोच, तेव्हा चादर वरून नुसती टांगू नका, चारही बाजूंनी ताणून बांधा. नाहीतर चेहरे हेलकावे खातात. घरची डिस्क सार्वजनिक खेळासाठी नसते. हक्कधारकाची परवानगी आधी घ्या, आणि सबटायटल्स चालू ठेवा. त्यातले उत्तर इंग्लंडातल्या लँकेशरचे उच्चार भल्याभल्यांना कळत नाहीत.