रशिया-नाटो प्रश्नात मार्क जातात कुठे

तुम्ही इथे टाकलेल्या सराव-टेस्टच्या कॉपीवरचा 'एकांगी, आधार दाखवा' हा शेरा आणि पंधरापैकी चार मार्क, दोन्ही फार ओळखीचे वाटले. 'नाटोचा पूर्वेकडील विस्तार हेच रशियाच्या पाश्चात्त्यविरोधी धोरणाचे मूळ आहे का?' असा प्रश्न, आणि तुमचं पहिलंच वाक्य, '१९९० च्या करारात नाटोने पूर्वेकडे एक इंचही न सरकण्याचे लेखी वचन दिले व पुढे ते मोडले.' हे वाक्य एका क्लासच्या छापील नोट्समध्ये जसंच्या तसं आहे. नाव घेत नाही, ज्यांनी त्या नोट्स वापरल्या त्यांना कळेल. माझेही सगळ्यात जास्त मार्क त्याच वाक्याने खाल्ले. शंका विचारायला गेलं की काउंटरवर ठरलेलं उत्तर: 'मॉडेल आन्सरमध्ये आहे तेच लिहा.' आणि त्याच क्लासचा चेकर लाल पेनाने लिहिणार, 'आधार?' असो.

शीतयुद्ध, वॉर्सा करार (सोव्हिएत गटाची लष्करी युती), नाटोचं कलम ५ (एकावर हल्ला म्हणजे सगळ्यांवर हल्ला) वगैरे तुम्हाला येत असणार, त्यात शिरत नाही. या विषयात मार्क जातात ते कागदाचं वजन चुकल्यामुळे. रशिया आणि पाश्चात्त्य देशांमधले कागद निरनिराळ्या जातीचे आहेत: संसदेने मंजूर केलेले करार, नुसत्या सह्यांचे राजकीय दस्तऐवज, परिषदेची निवेदनं आणि बैठकीत तोंडाने बोललेले शब्द. नोट्समध्ये या सगळ्यांना सरसकट 'करार' म्हणतात आणि तिथेच घोळ होतो.

आता ते १९९० चं. ९ फेब्रुवारी १९९० ला अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री जेम्स बेकर मॉस्कोत सोव्हिएत नेते गोर्बाचेव्हना भेटले. विषय जर्मनीच्या एकीकरणाचा होता आणि त्या ओघात नाटोचं कार्यक्षेत्र एक इंचही पूर्वेकडे सरकणार नाही, असं बेकर म्हणाले. बैठकीची टिपणं आता उघड आहेत. वॉशिंग्टनच्या नॅशनल सिक्युरिटी आर्काइव्हने (खुले झालेले सरकारी कागद जमवणारी संस्था) २०१७ मध्ये तशा बऱ्याच नोंदी एकत्र प्रसिद्ध केल्या. म्हणजे 'असं कुणी बोललंच नव्हतं' हे दुसऱ्या टोकाचं वाक्यही लिहू नका, तेही चूकच. पण सही झाली ती १२ सप्टेंबर १९९० ला मॉस्कोत, दोन जर्मनी अधिक अमेरिका, सोव्हिएत संघ, ब्रिटन, फ्रान्स यांच्या करारावर. या कराराचं (नाटोचं नव्हे) कलम ५ वाचा, पाच मिनिटांचं काम आहे. सोव्हिएत सैन्य गेल्यावर पूर्व जर्मनीच्या भूभागावर परकीय सैन्य आणि अण्वस्त्रं ठेवायची नाहीत, एवढंच तिथे आहे. पोलंड, हंगेरी, बाल्टिक देश यांबद्दल एक अक्षर नाही. असणार तरी कसं, वॉर्सा करारच १ जुलै १९९१ पर्यंत कागदोपत्री जिवंत होता आणि बाल्टिक देश सोव्हिएत संघात होते. खुद्द गोर्बाचेव्ह २०१४ च्या एका मुलाखतीत म्हणाले की त्या वर्षांत नाटो-विस्तार हा विषय चर्चेला आलाच नव्हता. आणि त्याच मुलाखतीत, पुढे झालेला विस्तार १९९० च्या आश्वासनांच्या भावनेविरुद्ध होता, असंही म्हणाले. दोन्ही बाजूंचे लोक यातलं आपल्या सोयीचं वाक्य उचलतात. तुम्ही दोन्ही लिहा.

मग पहिलं वाक्य असं होईल: '१९९० मध्ये जर्मनीच्या संदर्भात तोंडी आश्वासन दिले गेले, करारात ते आले नाही, रशिया याला वचनभंग मानतो, पाश्चात्त्य देश कायदेशीर बंधन नाकारतात.' वीस-बावीस शब्दांत काम झालं आणि 'एकांगी' म्हणायची सोय उरली नाही.

यापेक्षाही महत्त्वाचा आणि मराठी नोट्समध्ये जवळपास गायब असलेला कागद म्हणजे २७ मे १९९७ चा नाटो-रशिया संस्थापक दस्तऐवज. पॅरिसला सह्या झाल्या, रशियाचे अध्यक्ष येल्त्सिन आणि अमेरिकेचे अध्यक्ष क्लिंटन दोघेही हजर. तो संसदेने मंजूर करायचा करार नव्हता, राजकीय बांधिलकी होती. नव्या सदस्य देशांत अण्वस्त्रं ठेवण्याचा 'इरादा नाही, योजना नाही, कारण नाही' असं नाटोने त्यात म्हटलं. शिवाय, 'सध्याच्या आणि नजीकच्या भविष्यातील सुरक्षा परिस्थितीत' मोठं लढाऊ सैन्य तिथे कायमचं तैनात करणार नाही, असंही. या अटीतला 'परिस्थितीत' हा भाग विसरू नका, पुढचा सगळा वाद त्यावर आहे. २०१४ मध्ये रशियाने युक्रेनचा क्रिमिया घेतल्यानंतर २०१६ च्या वॉर्सा परिषदेत नाटोने एस्टोनिया, लॅट्व्हिया, लिथुआनिया आणि पोलंड इथे चार तुकड्या ठेवायचं ठरवलं, पण त्या 'आळीपाळीने येणाऱ्या' ठेवल्या. कायमच्या म्हटल्या असत्या तर १९९७ चा शब्द मोडला असता. ज्या कागदाला कायद्याचं बळ नाही त्याचाही असा दाब असतो.

आणि डिसेंबर २०२१ कडे या. रशियाने १७ तारखेला दोन करारांचे मसुदे जाहीर केले, एक अमेरिकेसाठी, एक नाटोसाठी. नाटोसाठीच्या मसुद्यातलं कलम ६ सगळ्यांना पाठ असतं: आणखी विस्तार नको, युक्रेन तर नकोच. कलम ४ कुणी वाचत नाही. त्यात मागणी होती की नाटोच्या देशांनी इतर युरोपीय देशांत २७ मे १९९७ ला जेवढं सैन्य होतं त्यापलीकडे ठेवू नये. तीच तारीख! म्हणजे मॉस्कोला घड्याळ मागे फिरवायचं होतं ते पोलंड, हंगेरी आणि चेक प्रजासत्ताक (मार्च १९९९) यांच्या प्रवेशाच्याही आधी. हा एक मुद्दा पेपरात आणलात तर चेकरला कळतं की मुलाने मूळ कागद पाहिलाय. हे माझं मत, मार्कांची हमी कुणी देत नसतो.

'अविभाज्य सुरक्षा' हा शब्द रशियाच्या बाजूने लिहिताना सगळे वापरतात, आधार मात्र देत नाहीत. आधार आहे १९९९ च्या इस्तंबूल सनदेचा (युरोपच्या सुरक्षेवरचा, रशिया आणि पाश्चात्त्य देश दोघांच्याही सह्यांचा राजकीय दस्तऐवज) परिच्छेद ८. तो अर्धा वाचला की उत्तर एकांगी होतं. आधी म्हटलंय की प्रत्येक देशाला आपली सुरक्षा-व्यवस्था, लष्करी युतीसुद्धा, निवडण्याचा किंवा बदलण्याचा हक्क आहे. त्याच परिच्छेदात पुढे, कोणताही देश दुसऱ्याच्या सुरक्षेचा बळी देऊन आपली सुरक्षा वाढवणार नाही. पश्चिम पहिलं वाक्य वाचते, रशियाचे परराष्ट्रमंत्री लावरोव्ह दुसरं. उत्तरात एवढं जरी लिहिलंत तरी 'दोन्ही बाजू मांडा' ही अट आपोआप पुरी होते, वेगळी 'एकीकडे-दुसरीकडे' कसरत लागत नाही.

बुडापेस्ट निवेदनाबद्दल (५ डिसेंबर १९९४) थोडक्यात. युक्रेनने अण्वस्त्रं सोडायची. रशिया, अमेरिका, ब्रिटन त्याच्या सीमांचा आदर करतील, बळ वापरणार नाहीत. हल्ला झाला तर सैन्य घेऊन धावून यायचं बंधन त्यात कुणावरही नाही. म्हणून 'अमेरिकेने बुडापेस्टमध्ये संरक्षणाची हमी दिली होती' हे चूक, आणि '२०१४ मध्ये रशियाने त्याचा भंग केला' हे बरोबर. सोडलेल्या अस्त्रांची डागण्याची सूत्रं मॉस्कोच्या हाती होती, हेही 'युक्रेनने अणुशक्ती गमावली' असं रडगाणं लिहिण्याआधी लक्षात घ्या.

आता माझं ठाम मत, पटलं नाही तर सोडून द्या. पाश्चात्त्य बाजूची सगळ्यात महागडी चूक एप्रिल २००८ ची बुखारेस्ट परिषद. जर्मनी आणि फ्रान्स अडून बसले, म्हणून युक्रेन आणि जॉर्जियाला सदस्यत्वाची तयारी-योजना मिळाली नाही. पण निवेदनाच्या परिच्छेद २३ मध्ये लिहून टाकलं की हे देश नाटोचे सदस्य 'होतील'. तारीख नाही, योजना नाही, संरक्षण नाही, आणि मॉस्कोच्या हातात मात्र लेखी पुरावा. ऑगस्टमध्ये रशिया आणि जॉर्जियाचं युद्ध झालं. दोन्हींचा थेट कार्यकारणभाव लिहू नका, क्रम लिहा, वाचणारा समजतो. पण एवढ्यावरून 'विस्तार हेच मूळ' हा निष्कर्षही निघत नाही. एप्रिल २०२३ मध्ये फिनलंड सदस्य झाला, रशियाशी त्याची सीमा तेराशे किलोमीटरहून लांब. मॉस्कोने निषेध केला, लष्करी रचना बदलली, युद्ध केलं नाही. म्हणजे युक्रेनच्या बाबतीत नाटोखेरीज आणखी काही आहे: इतिहास, सेव्हास्तोपोल (क्रिमियातला रशियन नौदलाचा तळ), आपल्या प्रभावक्षेत्राची कल्पना, आणि घरचं राजकारण. २०२२ च्या आक्रमणाचं समर्थन यात कुठेही नाही, हे स्पष्ट करतो, कारण या विषयावर खाली लगेच भांडणं सुरू होतात.

मिन्स्कवर (पूर्व युक्रेनमधली लढाई थांबवण्यासाठीचा समझोता) वेगळा प्रश्न आला तर फक्त कलम ९ आणि ११ एकत्र वाचा (१२ फेब्रुवारी २०१५). सीमेचा ताबा युक्रेनला परत मिळणं हे स्थानिक निवडणुका आणि घटनादुरुस्तीशी जोडलं होतं. कीव्ह म्हणणार आधी सीमा, मॉस्को म्हणणार आधी निवडणुका. सगळं तिथेच अडलं. सुरक्षा परिषदेने ठराव २२०२ ने त्याला दुजोरा दिला होता, एवढं जोडा.

अडीचशे शब्दांची विभागणी: पाच-सहा ओळींत १९९० आणि १९९७, मग इस्तंबूलचा परिच्छेद, मग २००७ चं पुतिन यांचं अमेरिका आणि नाटो-विस्तारावर टीका करणारं म्युनिक भाषण एका वाक्यात (त्याचा अर्धा पान सारांश लिहिणारे बघितलेत, नका लिहू), २००८, आणि विस्ताराखेरीजची कारणं साठ-सत्तर शब्दांत. लिबिया विसरू नका. लिबियात बळ वापरायला मुभा देणाऱ्या सुरक्षा परिषदेच्या मार्च २०११ च्या ठराव क्रमांक १९७३ वर रशिया तटस्थ राहिला, भारतही. नागरिकांच्या संरक्षणाच्या नावाने गद्दाफींची राजवटच गेली, त्यानंतर सीरियावर मॉस्कोने नकाराधिकार सोडला नाही. नाटो-विस्ताराशी संबंध नसलेलं हे कारण उत्तराला वजन देतं.

भारताचा शेवट 'भारताने समतोल साधावा' असा करू नका, प्रत्येक कॉपीत तोच असतो. आकडा द्या: युक्रेनवरच्या आक्रमणाविरुद्धचा २ मार्च २०२२ चा संयुक्त राष्ट्र महासभेचा ठराव १४१ विरुद्ध ५ ने झाला, ३५ तटस्थ, त्यात भारत. किंवा तेल घ्या, २०२२ आधी आपल्या आयातीत रशियाचा वाटा २ टक्क्यांच्या आसपास, पुढच्याच वर्षी एक तृतीयांशाच्या घरात. मग त्याची किंमत म्हणून ऑगस्ट २०२५ चं अमेरिकेचं वाढीव आयातशुल्क. तीन ओळी पुरतात.

शस्त्रनियंत्रणावर लिहाल तेव्हा 'स्थगित' आणि 'माघार' यांची सरमिसळ टाळा, चेकर इथे हमखास पकडतात. पारंपरिक सैन्याच्या युरोपीय कराराचा अंमल रशियाने २००७ मध्ये स्थगित केला, त्यातून माघार घेतली ती नोव्हेंबर २०२३ मध्ये. मध्यम पल्ल्याच्या क्षेपणास्त्रांच्या करारातून ऑगस्ट २०१९ मध्ये आधी अमेरिका बाहेर पडली, रशियाने नियम मोडल्याचं कारण देऊन. न्यू स्टार्ट (अमेरिका-रशियामधला लांब पल्ल्याच्या अण्वस्त्रांवरचा करार) फेब्रुवारी २०२३ मध्ये रशियाने स्थगित केला. त्यातली १,५५० तैनात अण्वस्त्रांची मर्यादा पाळत राहू असंही सांगितलं. आणि ५ फेब्रुवारी २०२६ ला त्याची मुदतच संपली.

नकाशा काढत असाल तर कॅलिनिनग्राड (रशियाचा मुख्य भूमीपासून तुटलेला प्रदेश) दाखवा आणि पोलंड-लिथुआनियामधली सुवाल्की पट्टी. युरोपची बाह्यरेषा सुबक यावी म्हणून वेळ घालवू नका, दीड मिनिटाच्या वर गेलं तर नकाशाच सोडून द्या. सुधारलेलं उत्तर इथे टाकलंत तर वाचेन, फक्त फोटो सरळ काढा, मागच्या वेळी अर्धी ओळ कापली गेली होती.