सारख्याच पैशात वेगवान 16 जीबी रॅम घ्यावी की थोडी हळू 32 जीबी?

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: कोथरूडला नवीन डेस्कटॉप जुळवताय, रायझन 5 7600 आणि 8 जीबीचं ग्राफिक्स कार्ड ठरलंय, आणि दुकानदाराने रॅमसाठी सारख्याच किमतीचे दोन पर्याय दिलेत. एक 16 जीबी डीडीआर5-6000, सीएल30. दुसरा 32 जीबी डीडीआर5-5200, सीएल40. (डीडीआर5 हा रॅमचा प्रकार, 6000 किंवा 5200 हा तिचा वेग, आणि सीएल म्हणजे मागणी आल्यावर उत्तर द्यायला तिला लागणारे ठोके.) दिवसा अँड्रॉइड स्टुडिओ (अ‍ॅप बनवायचं सॉफ्टवेअर), एम्युलेटर (संगणकावर चालणारा आभासी फोन) आणि ब्राउझर, रात्री थोडे गेम.

32 घ्या. मी स्वतः एकदा नेमका उलटा निर्णय घेतला होता, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मी नारायण पेठेत अंक-पुस्तकांची पानं लावायचं काम करते. 2020 साली मशीन घेतलं तेव्हा दुकानदार म्हणाला, "मॅडम, 16च घ्या पण 3600ची घ्या, मशीन पळेल." त्याच पैशात 2666ची 32 जीबी मिळत होती. मी वेग निवडला. पहिलं वर्ष बरं गेलं. दुसऱ्या वर्षी एका दिवाळी अंकाचं काम आलं. दोनशेच्या वर पानं इनडिझाइनमध्ये, मुखपृष्ठ फोटोशॉपमध्ये चाळीसएक लेयरचं, शिवाय जाहिरातदारांच्या पीडीएफ आणि व्हॉट्सअ‍ॅपवर येणारी प्रूफं. सप्टेंबरअखेरीस, छपाईला फर्मे द्यायच्या आदल्या रात्री, मी मथळा टाइप करायचे आणि अक्षरं दोन-तीन सेकंदांनी एकदम उमटायची. टास्क मॅनेजर उघडला. मेमरी 97 टक्के, डिस्क 100 टक्के आणि प्रोसेसर जेमतेम 12 टक्के. तो बिचारा रिकामा बसला होता. रॅममध्ये न मावलेला माल विंडोज एसएसडीवर टाकत होतं आणि गरज पडली की परत आणत होतं.

अंक संपल्यावर 16-16च्या दोन स्टिक घेतल्या, साध्या 3200च्या. बसवायला आलेल्या मुलाने बायोस (मशीनच्या मूळ सेटिंगचं पान) उघडलं तेव्हा कळलं की जुनी रॅम सुरुवातीपासून 2133वर चालत होती. जुळवणाऱ्याने एक्सएमपी प्रोफाइल, म्हणजे रॅमला तिच्या पाकिटावरच्या वेगाने चालवणारी सेटिंग, चालूच केलं नव्हतं. म्हणजे ज्या वेगाचे मी पैसे मोजले, तो मला एक दिवसही मिळाला नाही, आणि माझ्या कामात ते जाणवलंही नाही. जागा कमी पडत होती हे मात्र रोज जाणवत होतं. तुमच्या प्रश्नाचं याहून थेट उत्तर माझ्याकडे नाही.

आता तुमचे आकडे. रॅम आणि प्रोसेसर यांच्यात दोन वाटा असतात, त्यांना चॅनेल म्हणतात, आणि प्रत्येक चॅनेल एका वेळी 8 बाइट नेतं. म्हणजे 5200च्या दोन स्टिक मिळून सेकंदाला जास्तीत जास्त 83.2 जीबी, आणि 6000च्या 96 जीबी. साधारण 15 टक्क्यांचा फरक. सीएलचा हिशोबही सोपा आहे: सीएलला 2000ने गुणा आणि वेगाने भागा. 6000 सीएल30चे 10 नॅनोसेकंद येतात, 5200 सीएल40चे 15.4. पाच नॅनोसेकंद जास्त, आणि तेही प्रत्येक वेळी नाही, कारण 7600मध्ये 32 एमबी एल3 कॅश, म्हणजे प्रोसेसरच्या आतलीच छोटी वेगवान मेमरी, आहे, बरीचशी मागणी तिथेच भागते. याउलट रॅम भरली आणि माल एसएसडीवरून आणावा लागला, तर चांगल्या एनव्हीएमई एसएसडीलाही हजारो नॅनोसेकंद लागतात. एकीकडे टक्क्यांचा फरक, दुसरीकडे शेकडो पटींचा.

पण तुमचं काम 16मध्ये मावतंय की नाही, हे माझ्यावर विश्वास ठेवून ठरवू नका. आज ज्या मशीनवर काम करता, त्यावर स्टुडिओ, एम्युलेटर आणि नेहमीचे सगळे टॅब उघडा, एक बिल्ड लावा आणि टास्क मॅनेजरमधलं मेमरीचं पान बघा. नुसता टक्का बघून ठरवायचं नाही. 'कमिटेड'चा, म्हणजे चालू प्रोग्रॅमना विंडोजने कबूल केलेल्या मेमरीचा, पहिला आकडा बघा. तो 11-12 जीबीत राहत असेल तर 6000ची 16 जीबी खुशाल घ्या. 16च्या पुढे जात असेल तर विषय संपला. ग्रेडल (स्टुडिओत बिल्ड करणारं साधन) आणि एम्युलेटर एकत्र चालवणाऱ्याचा तो पुढे जातोच, असा माझा अंदाज आहे.

वेगाला किंमत द्यावी अशाही जागा आहेत. वेगळं ग्राफिक्स कार्ड नसेल आणि प्रोसेसरमधल्याच ग्राफिक्सवर गेम खेळायचे असतील, तर ते ग्राफिक्स याच रॅममधून ओढतं. तिथे वेग आणि दोन स्टिक, दोन्ही स्पष्ट दिसतात. कमी रिझोल्यूशनवर भरपूर फ्रेम काढणाऱ्यांनाही फायदा होतो. तुमच्याकडे कार्ड आहे, त्यामुळे तुम्ही यात बसत नाही. मात्र दुकानदाराला 32 जीबी 6000 सीएल36चा भाव जरूर विचारा. फरक थोडा असेल तर तीच घ्या.

"आत्ता 16 घेतो, पुढच्या वर्षी आणखी 16 टाकतो" हा विचार डीडीआर5मध्ये फसवा आहे. 16 जीबी बहुधा 8-8च्या दोन स्टिकमध्ये येते, म्हणजे पुढच्या वर्षी चार होणार. चार स्टिक लावल्या की प्रोसेसरमधल्या मेमरी कंट्रोलरवर ताण येतो. रायझन 7000साठी एएमडीने दोन स्टिकला 5200 आणि चार स्टिकला 3600 असाच वेग दिलाय. चार स्टिकवर त्याच्या वरचा वेग चालला तर नशीब. शिवाय 8 जीबीच्या डीडीआर5 स्टिकवर बहुधा चारच चिप असतात, त्यामुळे त्या 16च्या स्टिकपेक्षा थोड्या मागे पडतात. एकाच पाकिटातल्या 16-16च्या दोन घ्या. 32ची एक स्टिक देत असतील तर नको म्हणा, एकाच चॅनेलवर सेकंदाला जाणारा माल निम्मा होतो.

मशीन ताब्यात घेताना दुकानातच दोन गोष्टी बघा. चार स्लॉट असतील तर स्टिक प्रोसेसरकडून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये हव्यात. बहुतेक बोर्डांवर असंच असतं, तरी मॅन्युअल एकदा बघाच. आणि बायोसमध्ये एक्सपो प्रोफाइल (एक्सएमपीचाच एएमडीचा प्रकार) चालू हवं, नाहीतर 5200चे पैसे देऊन 4800वर चालवत बसाल. सीपीयू-झेड या मशीनची माहिती दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये 2600 दिसलं तर दुकानदाराशी भांडू नका, ते अर्धाच आकडा दाखवतं.

घरी रॅम बदलली किंवा बायोसमध्ये काही हलवलं, तर पुढच्या वेळी स्क्रीन काही मिनिटं काळी राहू शकते. डीडीआर5चं बोर्ड तेव्हा रॅमशी जुळवून घेत असतं. पंखे फिरतायत तोवर पॉवरचं बटण दाबू नका.