कुत्रीने उंदराचं औषध खाल्लं. ती वाचली, पण नवरा आणि सासरे बोलत नाहीत. मी मध्ये पडू का?

तुमचा प्रश्न रात्री वाचला आणि उत्तर लिहायलाच बसलो. सासऱ्यांनी जिन्याखाली उंदरांसाठी गोळ्या ठेवल्या, त्या कुत्रीने खाल्ल्या, चार-पाच दिवसांनी तिच्या हिरड्यांतून रक्त यायला लागलं. दवाखान्यात राहून ती घरी आली, औषध चालू आहे. दहा दिवस झाले तुमचे मिस्टर वडिलांशी बोलत नाहीत, सासरे खोलीतून फारसे बाहेर येत नाहीत, आणि तुम्ही विचारताय की मध्ये पडू की वेळ जाऊ देऊ.

वेळ जाऊ देऊ नका. नात्याचं मी नंतर बोलतो, आधी कुत्रीसाठी सांगतोय. तुम्ही फक्त जिन्याखालच्या जागेचा उल्लेख केलाय. उंदरांसाठी औषध ठेवणारा माणूस सहसा एकाच कोपऱ्यात ठेवून थांबत नाही. माळा, कपाटामागची फट, मोरीचं तोंड, सामानाची खोली, असं बरंच काही असतं. या सगळ्या जागा घरात एकाच माणसाला माहीत आहेत आणि नेमकं त्याच माणसाशी कोणी बोलत नाहीये. दहा दिवस.

मी तुमच्या मिस्टरांच्या जागी होतो, म्हणून हे लिहायचा थोडा अधिकार आहे असं समजतो.

आमचा टिप्या अकरा किलोचा, जातबीत काही नाही, रस्त्यावरून आणलेला. एका संध्याकाळी सातच्या सुमाराला माझी आई बेदाणे खात बसली होती. तो समोर येऊन बसला आणि तिने मूठभर त्याला दिले. प्रेमाने दिले. रात्री दोन वाजता त्याच्या ओकारीच्या आवाजाने मला जाग आली. ओकारीत फुगलेले तपकिरी तुकडे होते. मी ते पाहिले, कागदाने पुसले आणि कागद टाकून दिला. मग आईच्या दारात जाऊन ओरडलो, ‘काय घातलंस त्याला खायला?’ ती अंथरुणात उठून बसली आणि म्हणाली, ‘काही नाही.’

सकाळी डॉक्टरांनी पोट बिघडलंय असं समजून औषध दिलं. त्यांच्यासमोर दुसरी माहितीच नव्हती. दुपारपर्यंत टिप्या उठेना, तेव्हा आम्ही त्याला परत नेलं. या वेळी डॉक्टरांनी माझा फोन मागून घेतला आणि आईशी स्वतः बोलले. मी शेजारी उभा होतो. ‘आजी, काल दिवसभरात त्याच्या तोंडात काय काय गेलं, आठवेल तसं सांगा. घाई नाही.’ एवढंच. आईने दोन मिनिटांत सगळं सांगितलं, मुठीच्या मापासकट.

तोवर वीस तास होत आले होते. विष पोटात असताना उलटी करवून बाहेर काढायचं तर पहिले एक-दोन तास खरे कामाचे असतात, आणि तेही डॉक्टरांच्या हातून. द्राक्षं-बेदाण्यांनी कुत्र्याची किडनी निकामी होऊ शकते. 2021पासून त्यातल्या टार्टारिक आम्लावर मुख्य संशय आहे, पण ते कुठल्या द्राक्षात किती असेल याचा नेम नसतो, त्यामुळे ‘चारच खाल्ले, काही होणार नाही’ असं कोणी सांगू शकत नाही. टिप्याला तीन दिवस सलाईनवर ठेवलं. लघवी मोजायचे, रोज रक्त काढायचे. क्रिएटिनिन, म्हणजे किडनी नीट चालत नसली की रक्तात वाढणारा घटक, दोन दिवस चढलं आणि तिसऱ्या दिवशी उतरायला लागलं. तो आकडा सांगायला डॉक्टर बाहेर आले, तेव्हा मी भिंतीला पाठ लावून खालीच बसलो.

लोकांना वाटतं, जनावर वाचलं की राग जातो. माझा तेव्हाच चढला. तो दवाखान्यात होता तोवर मला रागवायला फुरसत नव्हती. तो घरी आल्यावर, त्याच्या पुढच्या पायावरचा सलाईनसाठी भादरलेला चौकोन रोज डोळ्यांसमोर असताना, तोंडातून निघालं, ‘तू त्याला मारलाच होतास.’ तुमच्या मिस्टरांनीही असलंच काही बोलून टाकलं असेल, किंवा बोलू नये म्हणून गप्प असतील. दोन्ही मला समजतं.

घरी आल्याआल्या टिप्या थेट आईकडे गेला होता. ती खुर्चीत बसली होती. त्याने तिच्या तळव्यात नाक घातलं. तिने मूठ मिटली. तो बोटांच्या फटीतून नाक घुसवायला बघत होता, नेहमीसारखा, तिथे काहीतरी असणार म्हणून. तिने दोन्ही हात पाठीमागे नेले, उठली आणि खोलीत जाऊन दार लावून घेतलं. मला त्या क्षणी वाईट वाटलं नाही. बरं झालं असं वाटलं. हे लिहिताना जड जातंय, पण तुमचे मिस्टर आज कुठल्या मनःस्थितीत असतील हे तुम्हाला कळावं म्हणून लिहितोय.

आठवडाभर माझी बायको निरोप पोचवत होती. आई विचारतायत तो जेवला का. त्यांना सांग, जेवला. एक दिवस तिने मला सरळ विचारलं, ‘बेदाणे चालत नाहीत हे तुला कधीपासून माहीत होतं?’ मला वर्षभर तरी माहीत होतं. फोनवर वाचलं होतं, बायकोलाही दाखवलं होतं. ‘मग आईंना कधी सांगितलंस?’

नव्हतं सांगितलं. आई दिवसभर त्याच्यासोबत घरात असायची, आणि ज्याच्या हातून त्याला सगळ्यात जास्त खाऊ मिळायचा त्या माणसाला आम्ही दोघांनीही सांगितलं नव्हतं. मी फुगलेले बेदाणे डोळ्यांनी पाहूनही ओळखले नव्हते, आणि ओरडून तिचं तोंड बंद केलं होतं. त्या रात्री मी तिच्या खोलीत जाऊन एवढंच म्हणालो, ‘मला माहीत होतं गं, मी तुला सांगितलं नव्हतं.’ ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, ‘तू ओरडलास तेव्हा मला आठवत होतं. तरी मी नाही म्हणाले.’ आमच्यात माफी वगैरे कोणी मागितली नाही. त्या दोन वाक्यांवर भागलं.

आता तुमच्या घराकडे येतो, कारण तुमची गोष्ट आमच्यापेक्षा एका बाबतीत वेगळी आहे. तुमच्या सासऱ्यांनी काही लपवलं असेलच असं मला वाटत नाही. रक्त गोठण्यासाठी लागणारे घटक यकृत तयार करतं आणि त्यासाठी के जीवनसत्त्व पुन्हा पुन्हा वापरतं. उंदरांच्या पुष्कळशा औषधांनी हा पुनर्वापरच बंद पडतो. आधीचा साठा काही दिवस पुरतो, त्यामुळे औषध खाल्लेली कुत्री तीन-चार दिवस अगदी छान दिसते, खेळते, जेवते, आणि मग रक्तस्राव सुरू होतो. ती आजारी पडली त्या दिवशी गोळ्यांचा विचार कोणाच्या डोक्यात आला असेल? त्याआधी गोळ्या नाहीशा झालेल्या पाहून सासऱ्यांना उंदरांनीच नेल्या असं वाटलं असणार. औषध लागू पडतंय म्हणून कदाचित बरंही वाटलं असेल. खोलीत बसून ते आता तेच आठवत असतील.

म्हणून त्यांच्याकडे तुम्ही जा, आणि आजच जा. ‘बाबा, तुमची काही चूक नाही’ असं म्हणू नका. ते त्यांना पटणार नाही आणि ते पुरतं खरंही नाही. कागद-पेन घेऊन जा आणि विचारा, ‘बाबा, औषध अजून कुठे कुठे ठेवलंय? मला दाखवता का?’ आमच्या डॉक्टरांनी आईला विचारलं होतं त्या सुरात. मग त्यांच्यासोबत फिरा. मोजून काढा, किती ठेवल्या होत्या, किती उरल्या. हातमोजे घाला. मेलेले उंदीर कुठे दिसले होते तेही विचारा, कारण विष खाऊन मेलेला उंदीर कुत्र्याने खाल्ला तरी बाधा होऊ शकते. आणि पाकीट मिळवा, कचऱ्यात गेलं असेल तर निदान नाव. गोळ्यांच्या रंगावरून आत काय आहे ते कळत नाही. रक्त पातळ करणाऱ्या औषधावर के जीवनसत्त्व चालतं, पण उंदरांची दुसरीही औषधं असतात. कुठलं रक्तातलं कॅल्शियम भलतंच वाढवतं, कुठलं मेंदूवर जातं, झिंक फॉस्फाइडचा तर पोटात विषारी वायू तयार होतो आणि कुत्र्याने ओकल्यावर तो माणसालाही बाधू शकतो. या कशावरही के जीवनसत्त्वाचा उपयोग नाही. तुमच्या कुत्रीला रक्तस्राव झाला आणि उपचार लागू पडले म्हणजे पहिला प्रकार असणार, तरी नाव डॉक्टरांना कळलं तर किती दिवस औषध द्यायचं हे त्यांना नीट ठरवता येतं.

मिस्टरांना या फेरीत बोलवा. आले नाहीत तरी त्यांच्या कानावर पडेल एवढ्या आवाजात फिरा. त्यांना ‘ते तुझे वडील आहेत, वय झालंय त्यांचं’ असं मात्र सांगू नका. मला हे तिघा-चौघांनी सांगितलं होतं आणि दर वेळी वाटलं, म्हणजे टिप्याच्या जिवाची यांना किंमतच नाही. त्यांचा राग खरा आहे, तो त्यांच्याकडे राहू द्या. त्यांच्याकडून तुम्हाला हवंय ते इतकंच की वडिलांना प्रश्न विचारावेत आणि उत्तर ऐकून घ्यावं. आणि इकडचा निरोप तिकडे नेणं बंद करा. माझ्या बायकोने ते बंद केलं त्या दिवसापासून आम्हाला बोलावं लागलं.

घरात उंदीर झालेत हे मिस्टरांना माहीत होतं का, औषध आणायचं ठरलं तेव्हा ते काय म्हणाले होते, हा प्रश्न तुमच्या मनात असेलच. तो विचारा, पण दोघेच असताना आणि एकदाच. सासऱ्यांसमोर विचारलात तर ती फिर्याद होईल.

एक गोष्ट मला फार कळकळीने सांगायची आहे. कुत्रीच्या गोळ्या सासऱ्यांच्या हातून द्यायच्या, म्हणजे सगळं सुरळीत होईल, असा विचार तुम्ही करत असाल तर थोडं थांबा. मीही आईला लगेच टिप्याचं खाणं द्यायला बसवलं होतं आणि तिचा हात थरथरत होता. के जीवनसत्त्वाचं औषध साधारण तीन-चार आठवडे, कधी त्याहून जास्त चालतं, कारण हे विष यकृतात आठवडेच्या आठवडे राहतं. कुत्री ठणठणीत दिसली म्हणून मध्येच सोडलं किंवा काही खुराक चुकले तर पुन्हा रक्त येऊ शकतं, आणि तसं सासऱ्यांच्या हातून झालं तर त्यातून तुमचं घर सावरणं मला फार अवघड दिसतं. फ्रिजवर तारखांचा कागद लावा, ज्याने गोळी दिली त्याने खूण करायची. सुरुवातीला तुम्ही द्या, सासरे जवळ असू देत. ती थोड्या स्निग्ध खाण्यासोबत दिली तर अंगी जास्त लागते. शेवटच्या गोळीनंतर 48 ते 72 तासांनी रक्त किती वेळात गोठतं ती तपासणी होते. ती तारीख आत्ताच डॉक्टरांकडून घेऊन कागदावर लिहा, आणि त्या दिवशी तिला घेऊन तिघेही जा. तोवर तिला उड्या मारू देऊ नका, आणि हिरड्या पांढुरक्या दिसल्या, धाप लागली किंवा खोकला सुरू झाला तर रात्र-अपरात्र न बघता दवाखाना गाठा.

आमच्या फ्रिजवरच्या अशाच कागदाच्या खाली आम्ही एक यादी लिहिली आहे, कुत्र्याला काय द्यायचं नाही त्याची, मोठ्या अक्षरांत, आईला चष्म्याशिवाय वाचता येईल अशी. द्राक्षं-बेदाणे, चॉकलेट, कांदा-लसूण, माणसांच्या दुखण्याच्या गोळ्या, आणि साखरेऐवजी झायलिटॉल घातलेलं काहीही. हे शेवटचं फार कमी जणांना माहीत असतं. किलोमागे 0.1 ग्रॅमनेही कुत्र्याच्या रक्तातली साखर तासाभरात धोकादायक पातळीला उतरू शकते. खाली दवाखान्याचा नंबर आणि एक ओळ: मिठाचं पाणी पाजून उलटी काढायची नाही, आधी फोन करायचा.

यादी आईनेच लावून घेतली. परवा तिने कलिंगडाची फोड हातात धरून स्वयंपाकघरातून हाक मारली, ‘हे चालतं का रे?’ चालतं, बिया आणि साल काढून, मी म्हणालो. तिने बिया काढल्या, फोड तळव्यावर ठेवली आणि हात खाली नेला. टिप्या कधीचा तिथेच उभा होता.