घाटात गाडी तापते, मेस्त्री म्हणतात थर्मोस्टॅट काढून टाकूया. काढावा का?

नाही, काढायचा नाही. थर्मोस्टॅट म्हणजे इंजिनातल्या पाण्याची वाट तापमानाप्रमाणे उघडणारा-मिटणारा वॉल. खराब झाला असेल तर नवा घाला, पण ती जागा रिकामी ठेवू नका.

तुम्ही लिहिलंय की गाडी ९ वर्षांची पेट्रोल सेडान आहे. खानापूर-बेळगाव सपाटीला तापमानाचा काटा निम्म्यावर असतो आणि गोव्याहून परतताना चोर्ला घाट चढताना वर जातो. मेस्त्री वडिलांच्या ओळखीचे. "आपल्याकडं गरम हवा, थर्मोस्टॅट थंड देशातल्या गाड्यांना लागतो" असं ते म्हणतात, आणि त्यांना नाही म्हणायला तुम्हाला जड जातंय. हे शेवटचं वाचलं म्हणून लिहायला बसलो. आमच्या घरात हेच झालं होतं. फक्त आमच्याकडं मेस्त्रीच्या जागी दाजी होते.

गाडी बाबांची. रिटायर झाल्यावर पीएफच्या पैशातून घेतलेली. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण दोष गाडीचा नव्हता. बाबांनी पहिल्या दिवसापासून एक वही घातली होती. तारीख, किलोमीटर, किती लिटर पेट्रोल, लिटरला किती किलोमीटर पडले, ऑइल कधी, कूलंट कधी, सगळं निळ्या पेनानं. एका हिवाळ्यात दाजींची गाडी कामाला पडली म्हणून आमची दोन महिने निपाणीला त्यांच्याकडं होती. परत देताना दाजी म्हणाले, "तापत होती जरा. आमच्या मेस्त्रीकडनं नीट करून आणलीय. वॉल काढून टाकला, आता कधी तापणार नाही." इंजिन गार ठेवणारं कूलंटही काढून बोअरचं पाणी भरलं होतं, कारण "कूलंट म्हणजे रंगीत पाणी, पैसे काढायचं काम."

बाबा काही बोलले नाहीत. जावयानं स्वतःच्या खर्चानं गाडी करून आणली, त्याला कसं बोलायचं? मी बेळगावच्या उद्यमबागेत सीएनसीवर, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनवर काम करतो, हायड्रॉलिक व्हॉल्व्हच्या बॉड्या करतो. गाड्यांचं इंजिन माझं क्षेत्र नाही, पण दाबाखालचं तेल किंवा पाणी कुठल्या वाटेनं जातं आणि एक वाट बंद करायची राहिली की काय होतं, हे रोज हातात असतं. मला तेव्हाच खटकलं होतं. मीही गप्प बसलो.

पुढच्या तीन महिन्यांत बाबांच्या वहीत लिटरला १६ किलोमीटरचे १३ झाले. बाबांनी दोनदा आकडा खोडून परत हिशेब केला. दाजींना सांगितलं तर ते म्हणाले पंपावर भेसळ असेल. आम्ही तर डिचोलीच्या मावशीकडं गेलो की गोव्यातच टाकी भरून यायचो, तिकडं स्वस्त पडतं म्हणून. त्यावर दाजी म्हणाले, मग गोव्याच्या पंपावर भेसळ असेल.

खरं कारण असं. थर्मोस्टॅट म्हणजे मेणाची कुपी असलेला एक वॉल. साधारण ८२ अंशाला मेण वितळून फुगायला लागतं, दांडी ढकलतं आणि पाणी गार करणाऱ्या रेडिएटरकडची वाट उघडते. ९५ च्या आसपास पूर्ण उघडते. तोपर्यंत पाणी इंजिनातच फिरतं आणि इंजिन लवकर तापतं. तो काढला की इंजिन रोजच्या छोट्या फेऱ्यांत कधी नीट गरमच होत नाही. गार इंजिनाला कॉम्प्युटर जास्त पेट्रोल देत राहतो. ते पेट्रोल ऑइलमध्ये उतरतं, ऑइल पातळ होतं आणि झीज वाढते. १३ चा आकडा तिथून आला होता.

मग घाटात का तापावी? बऱ्याच इंजिनांत थर्मोस्टॅटच्या मागं दुसरी एक चकती असते. पुढची वाट उघडली की ती मागची बायपासची वाट बंद करते. अख्खा थर्मोस्टॅटच काढला तर बायपास कायमचा उघडा राहतो. इंजिनातलं बरंच गरम पाणी रेडिएटरला न जाता शॉर्टकटनं परत इंजिनातच येतं. सपाटीला ते निभतं. घाटात दुसऱ्या गिअरला, एसी लावून, पाच माणसं घेऊन निभत नाही. तुमच्या मेस्त्रींनी हे बघितलेलं नसेल असं नाही. पण पूर्वीच्या गाड्यांत काढून चालून गेलं, ती सवय हातात बसलीय.

आता मे महिन्यातली ती दुपार सांगतो. डिचोलीहून परत येत होतो. दाजी गाडी चालवत होते, शेजारी बाबा, मागं आई, मी आणि माझी सात वर्षांची मुलगी. डिकीत दोन फणस आणि आमसुलांची पिशवी. केरी सोडून चढ लागला तसा काटा निम्म्याच्या वर सरकला. मी म्हटलं, "दाजी, थांबूया जरा." ते म्हणाले, "काय होत नाही, वर गेलं की गार हवा आहे." आणखी चार-पाच वळणं झाली आणि काटा एकदम खाली पडला, पार गारच्या रेघेवर. दाजी खुशीत म्हणाले, "बघ, उतरला. मी म्हटलं नव्हतं?"

तुम्ही बाकी सगळं विसरा, हे एक लक्षात ठेवा. चढावर तापलेल्या गाडीचा काटा एकाएकी खाली आला तर गाडी गार झालेली नसते, पाणी संपलेलं असतं. सेन्सर पाण्यात बुडालेला असतो तोवर खरं सांगतो. पाणी गेलं, तो कोरडा पडला, की काहीही दाखवतो. खात्री करायची असेल तर हीटर पूर्ण गरमवर फिरवा. गाडी कडक तापलेली असताना ब्लोअरमधून गार वारा आला तर आत पाणी नाही, तिथल्या तिथं इंजिन बंद करा. मला हे तेव्हा माहीत नव्हतं. माहीत असतं तर इंजिनाचं हेड, म्हणजे सिलिंडरवरचं झाकण, वाचलं असतं.

माथ्याच्या अलीकडं गाडी ओढेना. बोनेटच्या फटीतून वाफ आली. आई ओरडली, "अगंबाई, धूर येतोय की!" बाजूला घेतली. फोनला रेंज नाही. दाजींनी बोनेट उघडलं, टॉवेल ओला केला आणि मला म्हणाले, "बाटली आण, पाणी वत मी कॅप काढली की." मुलगी बघायला पुढं येऊन उभी राहिली होती. मागून उसाच्या रिकाम्या ट्रकचा ड्रायव्हर उतरून पळत आला, "तेगीब्याड्री! तेगीब्याड्री!" उघडू नका म्हणत. त्यानं आधी मुलीला दंडाला धरून मागं ओढलं. दाजींनी तोवर कॅप अर्धी फिरवली होती. फवारा त्यांच्या उजव्या हातावर कोपरापर्यंत आला. मुलगी जिथं उभी होती तिथल्या छोट्या पुलाच्या कठड्यावरून पाणी टपटपत होतं. तो माणूस बैलहोंगलकडचा होता, एवढंच कळलं. त्यानं स्वतःच्या कॅनमधलं पाणी दाजींच्या हातावर पंधरा-वीस मिनिटं ओतलं. इंजिनावर मात्र एक थेंब ओतू दिला नाही. तापलेल्या हेडवर गार पाणी पडलं तर तडा जातो म्हणाला, आणि त्याचं बरोबर होतं.

बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटरवर आहे, इथं उघडं पाणी ९७ अंशांच्या आसपासच उकळतं. रेडिएटरची कॅप दाब धरते म्हणून आतलं पाणी ११५-१२० पर्यंत न उकळता राहू शकतं. कॅप उघडली की दाब जातो आणि त्याच क्षणी सगळं उकळून बाहेर येतं. अर्धा-पाऊण तास थांबायचं, वरचा जाड रबरी पाईप हातानं दाबून बघायचा, मऊ आणि कोमट लागला तरच कॅपला हात लावायचा.

गाडी टोचन करून कणकुंबी, जांबोटीमार्गे बेळगावला आणली. हेड उतरवलं. मी रजा टाकून इथल्या मेस्त्रींच्या शेजारी उभा होतो. हेड साफ करून त्यावर स्ट्रेट एज (एकदम सरळ पट्टी) ठेवली आणि खालून फीलर गेज (फट मोजायची पातळ पाती) घातले. छोट्या इंजिनांना ०.०५ मिलिमीटरच्या आसपास फरक चालतो. आमच्या हेडला दुसऱ्या आणि तिसऱ्या सिलिंडरच्या मध्ये ०.१२ चं पातं आरपार गेलं. हेडखालचं गॅस्केट, म्हणजे सांधा घट्ट ठेवणारं पॅकिंग, तिथंच जळून काळं झालं होतं. वॉटर जॅकेटमध्ये, म्हणजे इंजिनातल्या पाण्याच्या वाटेत, बोट घातलं तर नखाला पांढरी पापडी लागली, बोअरच्या पाण्याची. मग मेस्त्रींनी थर्मोस्टॅटचं घर उघडून मला आत बघायला सांगितलं. आत काहीच नव्हतं, बायपासचं भोक सताड उघडं.

हेड फेसिंग (हेड परत सपाट करणं), गॅस्केट, नवी कॅप, नवा थर्मोस्टॅट, कूलंट, टोचन धरून ३१,००० रुपये झाले. त्यात थर्मोस्टॅट ७५० चा. निपाणीत तेव्हाच तो बदलला असता तर हे सगळं टळलं असतं. पैशाचं मी दाजींकडं कधी काढलं नाही, काढणारही नाही. त्यांच्या हाताला चट्टा राहिलाय. पण प्रत्येक लग्नात, बारशाला विषय निघाला की ते चारचौघांत सांगतात, "गाडीच जुनी झाली होती." बाबा मान डोलावतात. ते मला सहन होत नाही. गाडी जुनी झाली नव्हती. बाबांनी ती वही लिहून सांभाळली होती. तिच्या आतला एक भाग काढून टाकला होता, म्हणून ती बसली.

आता तुमच्या गाडीकडं येतो. फक्त घाटातच तापते म्हणजे पहिला संशय पंखा आणि रेडिएटरवर घ्या. सपाटीला वेगामुळं वारा आपोआप मिळतो, घाटात हळू चालताना सगळी भिस्त पंख्यावर असते. गाडी उभी करून एसी लावा, पंखा फिरला पाहिजे. नाही फिरला तर फ्यूज, रिले, मोटर या क्रमानं बघायला सांगा. मग पुढची जाळी काढून एसीच्या कंडेन्सरमध्ये आणि त्याच्या मागं रेडिएटरमध्ये टॉर्च मारा. आपल्या जिल्ह्यात नोव्हेंबर ते मार्च उसाच्या ट्रॉल्यांच्या मागून गाड्या चालवल्यात तर त्या फटीत पाचट आणि धूळ ठासून बसते. पाणी मारायचं ते आतून बाहेर, हलक्या दाबानं, नाहीतर पाती वाकतात.

थर्मोस्टॅटवर संशय असेल तर काढून घरी तपासा. मी नवा बसवायच्या आधी आईच्या दुधाच्या पातेल्यात दोऱ्यानं टांगला होता, तळाला टेकू न देता. पाण्यात थर्मामीटर धरला. ८० पर्यंत हालचाल नाही. ८३ ला पितळी चकतीच्या कडेला केसाएवढी फट दिसली आणि मग बघता बघता ती करंगळी जाईल एवढी झाली. गॅस बंद केल्यावर हळूहळू परत मिटली. असा उघडत-मिटत असेल तर तो चांगला आहे, तोच बसवा. त्यावर हवा सोडायची एक छोटी हलती पिन असते, ती वरच्या बाजूला आली पाहिजे.

कूलंट गाडीच्या पुस्तकात सांगितलेलंच घाला. रंग बघून घेऊ नका, रंगाला काही नियम नाही. तयार मिसळलेलं नसेल तर डिस्टिल्ड पाण्यात निम्मं-निम्मं करा. भरताना गाडीचं तोंड चढाकडं ठेवा आणि हीटर गरमवर ठेवून हवा काढा.

एक कबूल करायला हवं. आमच्या रेडिएटरमध्येही पाचट निघालं होतं आणि कॅपचं रबर कडक झालं होतं. म्हणजे सगळं एकट्या थर्मोस्टॅटवर टाकता येणार नाही. दाजींच्या मेस्त्रीनं काढला तो अडकलेला असेलही, त्यांना तो खराब वाटला यात चूक नव्हती. दुसरं, मी सांगतोय ते आमच्या पेट्रोल गाडीवरून. प्रत्येक इंजिनात बायपासची रचना सारखी नसते, आणि हल्लीच्या काही गाड्यांत थर्मोस्टॅट विजेवर चालतो, तो पातेल्यात असा कळणार नाही.

आणि हे सगळ्यात आधी करायला हवं होतं, लिहिता लिहिता मागं राहिलं. सकाळी गाडी पूर्ण गार असताना ऑइलची कॅप उघडा. आतून ताकासारखं पांढरट दिसलं, किंवा इंजिन चालू असताना कूलंटच्या डब्यात सतत बुडबुडे येत राहिले, तर गॅस्केट गेलेलं असू शकतं. मग घाटात नेऊच नका.

मेस्त्रींशी भांडू नका. "काका, नवा आणून देतो, तोच बसवा" एवढं म्हणा. आणि जुना निघाला की त्यांच्याकडून मागून घ्या, घरी ठेवा. आमचा निपाणीतच कचऱ्यात गेला. तो हातात असता तर पातेल्यात टाकून दाजींच्या समोर दाखवला असता.