जुन्या पद्मिनीच्या फेंडरची कमान हाताने पत्रा ठोकून रुंद करता येते का?

तुमच्या प्रीमियर पद्मिनीला रुंद टायर बसवायचे आहेत, त्यासाठी पुढच्या फेंडरची (चाकावरच्या पत्र्याची) कमान दीडेक इंच बाहेर काढायची आहे, फायबरचे तयार तुकडे चिकटवायचे नाहीत, आणि हे घरच्या शेडमध्ये जमेल का असं तुम्ही विचारलंय. जमेल. फक्त पहिले दोन-तीन पत्रे शिकण्यात जातील हे धरून चाला आणि गाडीला हात त्यानंतर लावा.

मी हे काम कोल्हापूरच्या उद्यमनगरात एका मिस्त्रींच्या हाताखाली शिकलो. त्यांनी मला आधी हातोडा दिलाच नाही, कागद दिला. तुम्हीही तिथूनच सुरुवात करा. जाड तारेची हव्या त्या आकाराची कमान वाकवून फेंडरवर टेकवा आणि तिच्यावर ब्राउन पेपर बसवून बघा. कागद ताणला जात नाही, म्हणून तो खरं सांगतो. जिथे त्याला चुण्या पडतात तिथे पत्रा आकसावा लागणार. जिथे कात्रीने चीर दिल्याशिवाय कागद बसत नाही आणि चीर फाकते, तिथे पत्रा ताणावा लागणार. पेन्सिलीने खुणा करा आणि तोच कागद नव्या पत्र्यावर ठेवून कापा; हाच तुकडा घडवून शेवटी फेंडरला वेल्ड करायचा आहे. तुमच्या कमानीत दोन्ही गोष्टी येतील: पत्रा बाहेर वळवताना कड ताणली जाते, आणि त्याच कडेला पुन्हा चाकाच्या दिशेने आत छोटी घडी घालताना ती आकसावी लागते.

पत्रा 20 गेजचा सीआर (कोल्ड रोल्ड, म्हणजे थंड लाटलेला साधा पोलादी) घ्या, म्हणजे साधारण 0.9 मिमी. जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला) पत्रा घेऊ नका. वेल्डिंग करताना त्यावरच्या जस्ताचा धूर निघतो आणि त्याने थंडी वाजून ताप येतो.

ताणणं सोपं आहे. जाड कॅनव्हासच्या पिशवीत वाळू घट्ट भरा, किंवा लाकडाच्या ओंडक्यात उथळ खळगा कोरा, आणि त्यावर पत्रा ठेवून लाकडी मोगरीने ठोका. पत्रा पातळ होतो आणि फुगतो. एकाच जागी ठोकत राहू नका. ठोकून पत्रा कडक होतो आणि कडेला तडा जातो. कडक झाला असं हाताला जाणवलं की गॅसने लालसर तापवून हवेत आपोआप गार होऊ द्या, पुन्हा मऊ येतो.

आकसणं हीच खरी विद्या. कडेला चिमट्यासारख्या दुबोटी हत्याराने मुद्दाम चुणी पाडायची आणि ती उलगडू न देता ऐरणीवर ठोकून पत्र्यातच जिरवायची. धातू तेवढाच राहतो, पण जाड होतो आणि कड आखूड होते. हे अंगात यायला मला बरेच महिने लागले, कारण घाईत चुणी आडवी पडते आणि घडीवर घडी बसून पत्रा फाटतो.

मग येतं मठारणं, म्हणजे हलक्या ठोक्यांनी पत्रा एकसारखा गुळगुळीत करणं. पुण्याच्या कसबा पेठेतल्या तांबट आळीत तांब्याच्या भांड्यांवर जे मठारकाम चालतं, तेच इथे. आतून डॉली, म्हणजे हातात धरायचा लोखंडी ठोकळा, टेकवायची आणि वरून गुळगुळीत तोंडाच्या हातोड्याने हलके, शेजारी-शेजारी ठोके द्यायचे. शक्य असेल तर एकदा त्या आळीत जाऊन नुसता आवाज ऐकून या. हातोडा आणि डॉली समोरासमोर असतील तर ‘टण्ण’ असा भरीव आवाज येतो, डॉली सरकली की ठोका पोकळ वाजतो. उंचवटे शोधायला पत्र्यावर मार्करची शाई फासा आणि कानस हलकी फिरवा. जिथे चकाकलं तो उंचवटा, जिथे शाई राहिली तो खळगा. तळहाताखाली सुती कापड ठेवून हात फिरवला तर डोळ्यांना न दिसणारी लाटही कळते.

फेंडर मध्येच दाबल्यावर डब्यासारखा ‘टक’ करून आत-बाहेर होत असेल, तर तिथला पत्रा जास्त ताणला गेलाय. नाण्याएवढा ठिपका लाल करा, भोवती हलके ठोके द्या आणि ओल्या फडक्याने थंड करा. तापलेला ठिपका फुगू पाहतो, पण भोवतीचा थंड पत्रा त्याला पसरू देत नाही, म्हणून तो जागीच जाड होतो आणि गार होताना पत्र्याला ओढून घेतो. वेल्डिंगची शिवण फेंडरला वाकडं करते तीही याच कारणाने. म्हणून लांब रेघ ओढू नका. इंच-इंचावर टाके द्या, प्रत्येक टाका गार होऊ द्या, आणि शिवण डॉलीवर ठोकून परत ताणून घ्या. गॅस वेल्डिंगची शिवण मऊ असते, ती मठारता येते. मिगची (तार वितळवणाऱ्या इलेक्ट्रिक वेल्डिंगची) कडक होते, ती ठोकून बसत नाही.

पुट्टीबद्दल माझं मत ठाम आहे. शेवटचा अगदी पातळ हात चालेल, पण बोटभर पुट्टीने आकार देणं म्हणजे पत्र्याचं काम न करणं. रस्त्याच्या हादऱ्यांनी ती तडकते, आत पाणी शिरतं आणि पत्रा आतून सडतो.

फेंडर कापण्यापूर्वी दोन गोष्टी तपासा. रुंद टायर लावून स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवा आणि गाडी दाबून-सोडून बघा, टायर कुठे घासतो ते समजेल, त्याच हिशेबाने दीड इंच पुरेल की नाही ते ठरवा. दुसरं, मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 मध्ये गाडीतल्या बदलांवर मर्यादा आहेत, तेव्हा आरटीओत आधी विचारून घ्या, काम झाल्यावर नको.

सरावासाठी फूटभर व्यासाची गोल चकती कापा आणि तिची उथळ वाटी करा. मग त्याच वाटीची कड आकसवून तोंड आत घ्या. ती एकसारखी जमली की कमानीला हात घाला. आणि पावसाळ्यात काम काढलंत तर रोज संध्याकाळी उघड्या पत्र्यावर तेलाचा हात फिरवा, नाहीतर सकाळी तांबूस गंज दिसेल. प्रायमर मारण्याआधी मात्र ते तेल थिनरने पूर्ण पुसा.